आजीचं आयुष्य रेकॉर्ड करायचंय? साल विचारू नका

"कुठल्या साली?" असं विचारलं की पंच्याऐंशीची आजी "मला अडाण्याला काय कळतंय बाबा" म्हणते आणि गप्प होते. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या काळ मोजतात तो रझाकारीनं (निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा जुलूम), बहात्तरच्या दुष्काळानं, किल्लारीच्या भूकंपानं. साल आपण नंतर काढायचं.

वय काढायला एक प्रश्न पुरतो: "रझाकारात गाव सोडून पळालात तेव्हा तुम्ही कडेवर होता, कुणाच्या हाताला धरून होता, की डोक्यावर गाठोडं होतं?" कडेवर म्हणजे दोन-तीन वर्षांच्या, हाताला धरून म्हणजे पाच-सहा, गाठोडं म्हणजे नऊ-दहाच्या पुढं. पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची भारतीय फौजेची कारवाई, 13 ते 17 सप्टेंबर 1948 अशी झाली. तिथून मागं मोजा. आधारकार्डावरची 1 जानेवारी ही जन्मतारीख बहुतेक वेळा अंदाजानं टाकलेली असते, तिच्यावर विसंबू नका. लग्नाचं सालही असंच: "लग्नात चांदी घेतली ती हालीच्या रुपयानं की कलदारनं?" निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजी कलदार यांचा भाव 7 हालीला 6 कलदार असा होता, त्यामुळे कुठलाही भाव सांगितला तरी नाणं विचारून घ्या. घरात जुना उर्दू कागद निघाला आणि त्यावर 1357 फसली (निजामाच्या राज्यातलं महसुली साल) असेल, तर 590 मिळवा: 1947-48.

आता फोन. एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं. रेकॉर्डिंगचा फॉरमॅट डब्ल्यूएव्ही, मोनो ठेवला तर तासाला साधारण 320 एमबी लागतात. तेवढी जागा आधी मोकळी करा. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हातभर अंतरावर. लोखंडी बाजेवर ठेवला की प्रत्येक हालचाल ढणढण ऐकू येते. पंखा बंद, कुकर उतरलेला. ज्या कानानं नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा. पाऊण तासाच्या पुढं ताणू नका. शुगर असेल तर जेवणाच्या वेळा सांभाळा.

खोलीत कोण आहे याला फोनपेक्षा जास्त महत्त्व. मुलगा बसला की सासुरवासाची गोष्ट "बरं होतं सगळं" एवढ्यावर संपते. सून बसली तर उलटंच, सुनेला ऐकवायचं म्हणून जास्त सांगितलं जातं. दोघांनाही चहा करायला, रानात, कुठंही पाठवा.

सुरुवात जन्मापासून नको, घरापासून करा. माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) होतं का, धान्याचं बळद कुठल्या भिंतीत, चूल कुठं. अंगणात कोळशानं नकाशा काढायला लावा. भिंती उभ्या राहिल्या की माणसं आपोआप आत येतात. "लेकरं किती?" असं न विचारता "बाळंतपणं किती झाली?" विचारा, पहिल्याचं उत्तर चार येतं, दुसऱ्याचं सात. नवऱ्याचं नाव ती घेणार नाही. उखाणा घ्यायला सांगा, लाजत घेईल.

घरात जातं असेल तर मूठभर ज्वारी टाकून फिरवायला द्या. बसल्याबसल्या एकही ओवी न आठवणारी बाई खुंटा हातात आला की ओवीमागून ओवी म्हणते, आणि भावाचं गाव, माहेरची वाट, सवत, सगळं त्यात येतं. पण जात्याची घरघर आवाज खाऊन टाकते, म्हणून त्याच ओव्या लगेच जातं थांबवून पुन्हा म्हणून घ्या. दोन्ही ठेवा.

अवघड जागा तीन-चार येतातच. रझाकारीत एका समाजानं सोसलं, पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्यानं. 1978 च्या मराठवाडा विद्यापीठ नामांतराच्या दंगलीत दलित वस्त्या जळाल्या. समोरची कुठल्या घरची आहे हे पाहून प्रश्न वळवू नका, "त्या दिवशी चूल पेटली होती का?" एवढंच विचारा. दुष्काळाला "खडी फोडायला गेलात का, सुकडी मिळायची का, लाल मिलोची भाकर कशी लागायची?" (सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचा कोरडा खाऊ, मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी.) भूकंपाला, म्हणजे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, "गणपती विसर्जनाहून घरी कधी आलात, माळवदाखाली झोपला होता की अंगणात?" रडू आलं तर घाईनं समजावू नका. पाणी द्या, थांबा, मग विचारा: बंद करू का? "हे कुणाला सांगू नको" म्हणाली तर ती फाइल वेगळी, नाव बदलून नव्हे, खरोखरच वेगळी ठेवा.

उतरवायला तासाच्या बोलण्याला सहा-सात तास धरा. "खडी फोडू फोडू हाताला घट्टे पडले" याचं "खडी फोडून" करू नका. "कामून", "लै", "गेल्ते" तसंच राहू द्या. उतरवलेलं तिला वाचून दाखवा. त्या वेळीही रेकॉर्डर चालू ठेवा, कारण "असं नाही रं, आधी थोरली गेली, मग दुष्काळ" हे ती तेव्हाच सांगते.