पर्स, पाकीट, क्लच, टोट: बॅगांची नावं घेताना या चुका टाळा

माझ्या एका मैत्रिणीची पर्स लंडनमध्ये बसमध्ये राहून गेली. हरवलेल्या वस्तू जमा करतात तिथे जाऊन तिने इंग्रजीत नीट सांगितलं: तपकिरी रंगाची, चामड्याची पर्स. समोरच्या बाईंनी मनापासून शोधलं आणि पैशांची तपकिरी पाकिटं एकामागून एक पुढ्यात मांडली. हिची खांद्याला लावायची बॅग मागच्या फळीवर होती. हिची नजर सहज तिकडे गेली, म्हणून ती मिळाली.

'पर्स' सगळीकडे एकच समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. अमेरिकेत पर्स म्हणजे बायकांची हातात किंवा खांद्यावर घ्यायची बॅग. ब्रिटनमध्ये पर्स म्हणजे त्या बॅगेच्या आत असतं ते नोटा-नाण्यांचं छोटं पाकीट. बाहेरच्या बॅगेला तिथे हँडबॅग म्हणतात. मराठीत आपण दोन्हींना पर्सच म्हणतो आणि संदर्भावर सोडून देतो. घरात ते चालतं. तक्रार लिहिताना, भाषांतर करताना किंवा ऑनलाइन मागवताना चालत नाही.

मूळ शब्द पैशांच्या पिशवीचाच. ग्रीक भाषेत 'बिर्सा' म्हणजे कातडं, त्यावरून लॅटिन 'बुर्सा' म्हणजे थैली आणि तिथून पर्स. फ्रेंचमध्ये शेअर बाजाराला 'बूर्स' म्हणतात, तोही याच घरातला. ब्रिटिशांनी जुना अर्थ धरून ठेवला, अमेरिकनांनी तो बाहेरच्या बॅगेपर्यंत ताणला. हँडबॅग हा शब्द मात्र १९व्या शतकात प्रवासाला हातात न्यायच्या बॅगेसाठी वापरात होता, आणि ती पुरुषांच्याही हातात असे.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. ब्रिटिश कथेतल्या बाईने हँडबॅगेतून पर्स काढली, तर 'पर्समधून पर्स काढली' असं लिहू नका. मी हे छापलेलं वाचलंय. 'पर्समधून पैशांचं पाकीट काढलं' एवढं पुरतं. आणि तिथे 'पैशांचं' हा शब्द गाळू नका, कारण मराठीत पाकीट पत्राचंही असतं आणि बिस्किटांचंही.

क्लचला पट्टा शोधणं

इंग्रजीत क्लच म्हणजे घट्ट धरणं. ज्याला धरायचा बंद किंवा पट्टा नाही, जो मुठीत किंवा बोटांत धरायचा, तो क्लच. आता बऱ्याच क्लचमध्ये आत दडवलेली साखळी असते, ती वेगळी सोय. मनगटात अडकवायचा छोटा पट्टा असेल तर ते रिस्टलेट. समारंभात एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात मूल असणार असेल, तर क्लच मागवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. फोटोत कितीही देखणा दिसो. लांबट पैशांच्या पाकिटालाही क्लच म्हणून विकतात. म्हणून फोन आत मावतो का, हे लांबी-रुंदी वाचून ठरवा.

स्लिंग, क्रॉसबॉडी, शोल्डर: फोटोवरून ठरवणं

इथे नाव बॅगेच्या आकाराचं नाही, पट्ट्याचं आहे. पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत तिरका जात असेल तर ती क्रॉसबॉडी. तिलाच आपल्याकडे सर्रास स्लिंग म्हणतात, पण अमेरिकी वेबसाइटवर 'स्लिंग' शोधलं की बहुतेक वेळा छातीला किंवा पाठीला चिकटून बसणारी एकपट्टी सॅक समोर येते. त्याच खांद्याला लटकून काखेखाली राहते ती शोल्डर बॅग.

बॅग मनासारखी बसत नसेल तर आधी पट्ट्याचं माप बघा. 'स्ट्रॅप ड्रॉप' म्हणजे बॅगेच्या वरच्या कडेपासून पट्ट्याच्या सर्वांत वरच्या बिंदूपर्यंतचं अंतर. पट्ट्याची पूर्ण लांबी नव्हे. तिरकी घालायची असेल तर हे अंतर साधारण ५० ते ६० सेंमी लागतं, उंचीप्रमाणे थोडं कमी-जास्त. २५ सेंमीची बॅग खांद्यावरच राहणार, कितीही ओढा. पट्टा सरकवता येतो का, हेही वाचा.

पट्टा ही साधी बाब नाही. शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीने फेब्रुवारी १९५५मध्ये साखळीच्या पट्ट्याची बॅग आणली, तिचं नावच महिना आणि वर्ष जोडून २.५५ पडलं. खांद्यावर अडकवल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात, हीच तिची खरी कमाई.

टोट, होबो, सॅचेल, बकेट यांची सरमिसळ

टोट म्हणजे वाहून नेणं. दोन बंद, मोठं पोट आणि बहुधा उघडं तोंड. चेन हवी असेल तर टोट शब्दावर विसंबू नका, वर्णनात ती शोधा. होबो खाली ठेवली की ढिली पडते, चंद्रकोरीसारखी वाकते. सॅचेल ताठ उभी राहते. हा शब्द ब्रिटनमध्ये झाकणाच्या दप्तरासाठी, तर फॅशनच्या दुनियेत आखूड बंदांच्या ताठ बॅगेसाठी वापरतात. बकेट बादलीसारखी: लुई व्हिताँ या फ्रेंच कंपनीची १९३२ची नोए बॅग शँपेनच्या ५ बाटल्या न्यायला केली होती.

केली आणि बर्किन हे प्रकार नव्हेत, एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या ठरावीक बॅगांची नावं आहेत. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बॅगेला ते नाव देऊ नका.

आपल्या शब्दांशी हलगर्जीपणा

बटव्याचं तोंड नाडीने आवळतात. चेनच्या पाउचला बटवा म्हणाल, तर खऱ्या बटव्याला काय म्हणणार? चंची म्हणजे पान-सुपारीची कप्प्यांची कापडी पिशवी, गुंडाळून बांधायची. शबनम म्हणजे खांद्याला लावायची लांब पट्ट्याची कापडी पिशवी. हे शब्द नेमके आहेत, इंग्रजी नावं पाठ करण्याआधी ते वापरात ठेवा.

आणि कमरेच्या पाउचला अमेरिकेत 'फॅनी पॅक' म्हणतात. ब्रिटनमध्ये हा शब्द तोंडातून काढू नका. तिथे 'फॅनी' ही बाईच्या गुप्तांगासाठी अशिष्ट बोली आहे. तिथे 'बम बॅग' म्हणा.