न खेळलेल्या गेमचा साठा उपसताना

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातून सवलतीत घेतलेले आणि वर्षानुवर्षे न उघडलेले गेम संपवायचे असतील, तर सुरुवात २०१५ च्या ‘द विचर ३’सारख्या अवाढव्य गेमने न करता २००७ च्या ‘पोर्टल’सारख्या तीन-चार तासांत संपणाऱ्या गेमने करावी. कोल्हापुरात जुलैची झड लागून रंकाळ्यावरची फेरी बुडाली, की तेवढी संध्याकाळ सहज मिळते. स्टीमच्या लायब्ररीत, म्हणजे आपण घेतलेल्या गेमच्या यादीत, ‘सध्या’ नावाचे कलेक्शन (वेगळा गट) करून त्यात दोनच गेम ठेवावेत आणि मन न रमलेला गेम निःसंकोच लपवावा. पैसे वसूल करण्याच्या हट्टापायी मी एक कंटाळवाणा गेम महिनाभर ओढला, तो निव्वळ खुळेपणा होता. नवी खरेदी मात्र लगेच खेळून पाहावी, कारण १४ दिवसांच्या आत मागणी केली आणि गेम २ तासांपेक्षा कमी खेळलेला असला, तरच स्टीम सहसा पैसे परत करते.