बोंडूची वाईन झाडाखालीच ठरते

काजूची बी पडायला लागली आणि तिच्या मागोमाग बोंडू, म्हणजे बी ज्याला लटकते ते काजूचे रसाळ फळ, बागेत कुजायलाही लागले. दरवर्षी हे पाहून जीव तुटतो. यंदा ज्यांना वाईनसाठी बोंडू द्यायचे आहेत, त्यांनी आतापासूनच बागेकडे वेगळ्या नजरेने बघावे.

नाशिककडचे बागायतदार वाईनची द्राक्षे साधारण २२ ते २४ ब्रिक्स गोडी आल्यावरच तोडतात. घडाला ऊन-वारा मिळावा म्हणून पाने विरळ करतात, नत्र हात राखून देतात. आपल्या बोंडूची गोडी १० ते १४ ब्रिक्सच असते, उरलेली साखर वरून घालावी लागते. एक ब्रिक्स म्हणजे लिटरला जवळपास १० ग्रॅम साखर. तेव्हा कच्चा बोंडू ओढून काढण्यात काहीच फायदा नाही, त्यात बीही पोचट निघते.

पिकलेला बोंडू हात लावताच सुटतो. आपसूक पडलेलाही चालतो, पण त्याच सकाळी उचललेला. कातळावर आपटून फुटलेला नको. हातात घेऊन देठाकडे वास घ्या. आंबूस वास आला किंवा चिलटे बसलेली दिसली, तर तो बाजूला टाका. असे चार बोंडू अख्ख्या क्रेटची वाट लावतात. झाडाखालचा पातेरा झाडून जुनी जाळी अंथरलीत तर वेचणी सोपी होते. उन्हे चढायच्या आत माल सावलीत आणा आणि त्याच दिवशी रस काढायला पाठवा.

बी पिळून काढताना बोंडूचा खालचा भाग फाटतो आणि रस तिथूनच आंबायला लागतो. नायलॉन दोऱ्याचा फास बीच्या सांध्यावर आवळून ओढा, काप स्वच्छ पडतो. वेंगुर्ला-४ चा बोंडू लाल, वेंगुर्ला-७ चा पिवळा. गोडी आणि तुरटपणा जातीप्रमाणे बदलतो, म्हणून क्रेट वेगळे ठेवा. मळभ येऊन अवकाळी सर पडली, तर त्या दिवसाचा मालही वेगळा काढा.

ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीसाठी फवारणी केली असेल, तर औषधाच्या लेबलवरचे काढणीपूर्व दिवस पुरे होऊ द्या. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी मारलेल्या गंधकाबाबत तर जास्तच जपा. ते फळावर राहिले, तर आंबवताना सडक्या अंड्यासारखा वास धरतो आणि मग तो घालवणे कठीण.

रसाचा तुरटपणा उतरवायला शिजवलेल्या साबुदाण्याची खळ मिसळून रस रात्रभर निवळू देतात. मात्र वाईन करून विकायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो नसेल, तर परवानाधारकाशी आधीच बोलून ठेवा.

मेअखेर काढणी आटोपली की सुकलेल्या, एकमेकींत शिरलेल्या फांद्या काढा. काजू शेंड्यावर धरतो, त्याला ऊन लागतेच. कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) पावसाआधी लावा.