वणव्याच्या पट्ट्यात शेल्टरचं मांजर आणताय? या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की साताऱ्यात अजिंक्यतारा, यवतेश्वर, जरंडेश्वराच्या उतारांवरचं गवत पार वाळून जातं आणि रात्री डोंगरावर आगीच्या माळा दिसू लागतात. वळवाचा पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत हे चालू राहतं. सांगलीकडे शिराळ्याचा डोंगरपट्टा, सागरेश्वर आणि दंडोबाच्या आसपासची गावं यांचीही गत वेगळी नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्याने शेल्टरमधून, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून, मांजर आणावं का? डोंगर घरापासून किती लांब, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, धूर दिसल्यापासून पाच मिनिटांत ते मांजर तुमच्या कॅरियरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीत, बसेल का? बसणार असेल तर खुशाल आणा. बसणार नसेल, तर गावठाणात किंवा शहरात राहणाऱ्या कुणाला तरी ते मिळू द्या. पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

परदेशातले नियम जसेच्या तसे उचलणं

कॅलिफोर्नियातले व्हिडिओ पाहून लोक आठवडाभराचं सामान बांधून ठेवतात आणि कॅरियर मात्र माळ्यावर टाकतात. तिकडे झाडांचं जंगल दिवसेंदिवस जळतं, गावंच्या गावं रिकामी करावी लागतात. आपल्याकडे जळतं ते मुख्यतः गवत आणि झुडपं. ज्वाळा बहुधा कमरेच्या आतबाहेर असतात, आग एका जागी काही मिनिटंच टिकते, पण पळते फार. उतार 10 अंशांनी वाढला की चढाकडे जाणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून पायथ्याच्या घरापेक्षा उताराच्या डोक्यावरचं घर जास्त धोक्यात असतं. हाताशी मिनिटं असतात, तास नसतात. बाहेर राहावं लागलंच तर बहुधा एक संध्याकाळ किंवा एक रात्र.

तेव्हा पिशवी छोटीच असू द्या. 4 किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम कोरडं खाणं आणि 200 ते 250 मिली पाणी लागतं. तीन दिवसांचा हिशेब धरला तरी 200 ग्रॅम खाणं आणि लिटरभर पाणी पुरतं. सोबत एक वाटी, दोन जुने टॉवेल, उशीचा जाड सुती अभ्रा, प्लॅस्टिकमध्ये लसीचं कार्ड आणि मांजराचा अलीकडचा फोटो. खाणं दोन महिन्यांनी बदला, नाहीतर वास गेलेलं खाणं ऐनवेळी ते तोंडात घेत नाही.

मोबाइलवरच्या सूचनांवर विसंबणं हीही त्यातलीच चूक. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीच्या सूचना पाठवतं, त्यासाठी नाव नोंदवून ठेवायला हरकत नाही. पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो. दुपारी दीडला लागून अडीचला विझलेली गवताची आग त्याला दिसेलच असं नाही. वरच्या वस्तीवर राहणाऱ्या एखाद्या माणसाचा फोन नंबर याहून कामाचा. वन विभागाचा 1926, अग्निशमनचा 101 आणि 112 हे आकडे दाराच्या आत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

ऐन उन्हाळ्यात मांजर आणणं

उन्हाळ्यात पिल्लांची गर्दी होते, शेल्टर भरून जातात आणि ‘आजच घेऊन जा’ अशी आवाहनं फिरू लागतात. नेमके तेच वणव्याचे महिने. नवीन मांजर पहिले काही दिवस पलंगाखाली काढतं, घरची वेळ-सवय कळायला तीनेक आठवडे लागतात आणि खरं रुळायला तीन महिने. मार्चमध्ये आणलेलं मांजर पलंगाखालून बाहेर यायच्या आत डोंगर पेटलेला असू शकतो.

डोंगरालगतच्या घरासाठी योग्य काळ जून ते ऑक्टोबर. जूनमध्ये आणलं तर फेब्रुवारीपर्यंत आठ महिने हातात राहतात. एप्रिलमध्ये शेल्टरवाल्यांनी गळ घातली तर त्या मांजराच्या खाण्याचा जूनपर्यंतचा खर्च उचला, किंवा साताऱ्यात, कराडात फ्लॅटमध्ये राहणारं कुणी ते तोवर सांभाळेल का ते विचारा. नाही म्हणायचा संकोच वाटून मांजर उचलून आणण्यापेक्षा हे बरं.

फोटो पाहून ठरवणं

फोटोत सगळीच गोड दिसतात. शेल्टरमध्ये जाऊन जमिनीवर 15 मिनिटं बसा, मांजराकडे टक लावून पाहू नका आणि ते आपणहून जवळ येतं का बघा. खाण्याचा डबा खुळखुळवल्यावर कोपऱ्यातून बाहेर येतं का? उचलल्यावर अंग ढिलं सोडतं की कडक होतं? शेवटी तिथल्या माणसाला ते तुमच्यासमोर कॅरियरमध्ये ठेवायला सांगा. दोन माणसं, हातमोजे आणि दहा मिनिटं लागली तर ते मांजर वाईट नाही, पण तुमच्या जागेसाठी नाही.

दोन-तीन वर्षांचं शांत, नसबंदी झालेलं मांजर इथे पिल्लापेक्षा उजवं. स्वभाव कळलेला असतो. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा निघेल, हे आज सांगता येत नाही. लोकांनी सोडून दिलेली पर्शियन मांजरं शेल्टरमध्ये येतात आणि फुकट मिळतात म्हणून त्यांच्यावर उड्या पडतात. चपट्या नाकामुळे त्यांना एरवीच श्वासाला त्रास असतो, धुरात तो वाढतो. लांब केसांत ठिणगी अडकते ती वेगळीच. दम्याचं मांजर असेल तर धुराच्या पट्ट्यात आणूच नका.

किती आणायची, हे गाडीवर ठरवा. स्कूटरच्या पुढच्या पायठेवणीवर एक कॅरियर बसतो, मागे बसणाऱ्याच्या मांडीवर दुसरा. घरात दोन लेकरं आणि एकच स्कूटर असेल तर मांजर एकच, तेही दुसरी फेरी मारता येईल असा रस्ता असेल तरच. दोन मांजरं एका कॅरियरमध्ये कोंबू नका. घाबरलेली सख्खी भावंडंही एकमेकांना ओरबाडतात.

लसीचं थोडक्यात: तीन रोगांवरची एकत्रित लस 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून, दर 3-4 आठवड्यांनी, 16 आठवड्यांचं होईपर्यंत, रेबीजची लस 3 महिन्यांनंतर. कार्डावर तारखा नसतील तर लस झालेली नाही असंच धरा. जमलंच नाही तर मांजर परत घेणार का, हेही आधीच विचारून घ्या. उपाशी मरेल अशा जागी प्राणी सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे.

दुपारी घरात कोण असतं, हे न बघणं

गवत सर्वांत कोरडं आणि वारा डोंगरावर चढता असतो तो दुपारी, साधारण 12 ते 5. याच वेळी आई-वडील कामावर, पोरं शाळेत आणि मांजर कुलपाच्या आत. रोज अशीच वेळ जाणार असेल तर एक किल्ली दिवसा घरी असणाऱ्या शेजाऱ्याकडे द्या. नुसती किल्ली देऊन भागत नाही. त्या काकूंनी किंवा आजोबांनी मांजराला महिन्यातून दोनदा खाऊ घातलेलं असलं पाहिजे, नाहीतर अनोळखी माणूस पाहून ते पलंगाखालीच जाणार.

वाई-पाचगणीकडच्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी तर साफ सांगायला हवं. उंदीर फार झाले म्हणून राखणदाराच्या भरवशावर तिथे मांजर ठेवू नका. आग लागली की तो माणूस पाण्याची मोटर, गॅसचं सिलिंडर आणि स्वतःची लेकरं बघणार, आणि त्याने तेच बघायला हवं.

मांजराला दिवसरात्र मोकळं सोडणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. ‘मांजर हुशार असतं, आग दिसली की पळतं’ हा समज अर्धाच खरा. मांजर पळतं ते ओळखीच्या लपण्याच्या जागेकडे. खेड्यातल्या घरात ती जागा म्हणजे कडब्याची गंजी, गोठ्याचा माळा, शेणींची रास, सरपण. सगळ्यात आधी पेट घेणाऱ्या वस्तू नेमक्या याच. व्यायची वेळ आली की मांजरी पिल्लं घालायलाही तिथेच शिरते. उसाच्या पट्ट्यात आणखी एक भर पडते. तोडणीआधी फड पेटवतात, नंतर पाचट पेटवतात, आणि उंदरांच्या मागे गेलेलं मांजर आत असेल तर चारी बाजूंनी आग. डोंगराकडेला बिबट्या आहे, तो वर्षभर.

मांजर घरातच ठेवा. ते जमणार नसेल तर निदान फेब्रुवारी ते मे सकाळी 11 पासून दुसऱ्या सकाळपर्यंत आत. नसबंदी झालेलं मांजर यात लवकर रुळतं. पाच-सहा महिन्यांच्या वयात ती करून घेता येते.

घराभोवतीचं कामही मांजर आणायच्या आधीच. भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळणारं काहीही नको: गवत नाही, पोती नाहीत, केरसुण्या नाहीत. दहा मीटरपर्यंत गवत घोट्याखाली कापलेलं. गंजी आणि सरपण शक्य तितकं लांब, 30 मीटर मिळाले तर उत्तम, आणि उताराच्या खालच्या अंगाला अजिबात नको. हे सगळं दिवाळीनंतर विळ्याने किंवा मशीनने कापून करा. ‘जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं’ म्हणत फेब्रुवारीत काडी लावू नका. निम्मे वणवे अशाच काडीचे असतात म्हटलं तर कुणी भांडायला येणार नाही. शिवाय राखीव वनात आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे.

कॅरियर माळ्यावर ठेवणं

कॅरियर फक्त डॉक्टरकडे जाताना बाहेर काढला की मांजर त्याला सुई समजतं आणि दिसताक्षणी गायब होतं. कडक प्लॅस्टिकचा, वरूनही उघडणारा कॅरियर घ्या. पुढच्या दारातून घाबरलेलं मांजर ढकलणं अवघड, वरून सोडणं सोपं.

पहिल्या आठवड्यात दार काढून कॅरियर रोजच्या वावरातल्या खोलीत ठेवा, आत त्याचीच जुनी चादर. जेवणाची वाटी आधी समोर, मग तोंडाशी, मग आत. दुसऱ्या आठवड्यात दार लावा. ते खात असताना पाच सेकंद बंद, मग मिनिटभर, मग पाच मिनिटं. प्रत्येक वेळी ते ओरडायच्या आत उघडायचं. ओरडल्यावर उघडलं तर ओरडलं की सुटका होते, हेच ते शिकतं. तिसऱ्या आठवड्यात उचलून फाटकापर्यंत, मग स्कूटरवर ठेवून इंजिन चालू. त्यानंतर दर आठ दिवसांनी एकदा, वेगवेगळ्या वेळी, खाण्याचा तोच डबा खुळखुळवून सराव. भरल्या पोटी सराव करू नका, संध्याकाळच्या जेवणाआधी करा.

घड्याळ लावून बघा. जानेवारीअखेर पाच मिनिटांच्या वर वेळ जात असेल तर चूक बहुधा घराची असते, मांजराची नव्हे. बॉक्स दिवाणाच्या तळाला फट असते, तिथून ते आत शिरतं आणि मग दिवाण मोडल्याशिवाय निघत नाही. ती फट फळीने बंद करा. कपाटामागची जागा आणि माळ्याची वाटही बंद. धूर दिसला की आधी खोलीचं दार लावायचं, मग डबा वाजवायचा. उलटं केलं की मांजर घरभर पळतं.

काहीच जमलं नाही तर अंगावर टॉवेल टाकून, गुंडाळून, सरळ उशीच्या अभ्र्यात घाला आणि तोंडाला गाठ मारा. सुती कापडातून हवा जाते. युरियाच्या प्लॅस्टिक पोत्यातून पुरेशी जात नाही, आणि कोंबड्यांच्या डालग्याखाली मांजर झाकता येतं, नेता येत नाही. हाच सराव सांगलीत नदीकाठी राहणाऱ्यांनाही लागू. 2019 आणि 2021 च्या पुरात होडीत चढतानाही प्रश्न कॅरियरचाच होता.

धुरात कूलर चालू ठेवणं

आग लांब असली तरी धूर घरात येतो. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, म्हणजे धूरही. तो आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा. कौलारू घरात फटींतून धूर उतरतो, म्हणून स्लॅबची खोली असेल तर मांजराला तिथे ठेवा. खिडक्या बंद, दाराखाली ओला टॉवेल. कॅरियरवर ओलं कापड पूर्ण गुंडाळू नका, हवा अडते.

भाजल्यावर घरगुती उपाय

हळद, तूप, टूथपेस्ट, शाई यांतलं काहीही नको. भाजलेल्या पंजावर साध्या नळाचं पाणी 10 ते 20 मिनिटं, बर्फ नाही. मग ओलसर स्वच्छ सुती कापड. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, हिरड्या निळसर, पांढऱ्या किंवा एकदम लालभडक दिसणं यांतलं काहीही दिसलं तर न थांबता डॉक्टरकडे न्या. धुराचा त्रास दुसऱ्या दिवशीही उमटू शकतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एका गोळीने मांजर दगावतं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काम गाई-म्हशींचं जास्त असतं. मांजर तपासणारा आणि प्राणवायूची सोय असणारा डॉक्टर जवळ कुठे आहे, हे जानेवारीतच फोन करून विचारून ठेवा. पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक 1962.

आग विझली म्हणून लगेच सोडणं

वरून राख थंड वाटते, खाली बुंधे आणि शेणींची रास कितीतरी वेळ धुमसत असते. पंजाच्या गाद्या पहिल्या फेरीतच भाजतात. शिवाय आगीतून निसटलेले घोणस, फुरशी, नाग वस्तीकडे सरकलेले असतात आणि मांजर त्यांच्या वाटेला जाणारच. निदान दोन दिवस घरात.

मांजर निसटलंच असेल तर दहाजणांनी हाका मारत फिरू नका. जखमी मांजर आवाज न करता बसून राहतं. रस्त्याच्या मोऱ्या, सिमेंटचे पाइप, विहिरीचा काठ, दगडी बांधाच्या फटी, शेजारच्या गोठ्याचा माळा हे घराजवळून सुरू करून शोधा. रात्री गाव निजल्यावर एकट्याने बॅटरी घेऊन जा. डोळे चमकतात ते तेव्हाच दिसतात. दाराबाहेर त्याची चादर, पाणी आणि थोडं खाणं ठेवा, अवतीभवती राख बारीक पसरा. सकाळी त्यावर पंजे उमटले आहेत का बघा. दहा-बारा दिवसांनी परत आलेली मांजरंही असतात, तोवर वाटी उचलू नका.