‘वरूनच पैसे आले नाहीत’ म्हणतात? मग ते नेमके कुठे अडकलेत हे असं शोधा

बँकेत गेलं की ऐकायला मिळतं, "वरूनच आले नाहीत." तहसीलमध्ये गेलं की, "आम्ही पाठवलेत, बँकेत विचारा." लाडकी बहीण असो, पीएम किसान असो, निराधारचं अनुदान असो नाहीतर पोराची शिष्यवृत्ती, पैसे थांबले की या दोन वाक्यांच्या मध्ये माणूस महिनाभर एसटीच्या खेपा घालतो. आमच्या वाचनालयात संध्याकाळी पेपर चाळायला येणारी मंडळी हळूहळू पेपरऐवजी मोबाइल पुढे करायला लागली, तेव्हापासून ही शोधाशोध मला जवळजवळ पाठ झाली आहे. त्यातली निम्मी तरी घरी बसून होते.

पैसा कुठल्या वाटेने येतो

योजनेचा विभाग लाभार्थ्यांची यादी पाठवतो. बऱ्याच योजनांच्या यादीत तुमचा खाते क्रमांक नसतोच, आधार क्रमांक असतो. ती यादी बँकांमधली देणी-घेणी चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेत जाते. तिथे एक मोठी नोंदवही आहे असं समजा. तिला मॅपर म्हणतात. तिच्यात तुमच्या आधार क्रमांकासमोर फक्त बँकेचं नाव असतं, खाते क्रमांक नाही. त्या बँकेकडे पैसे जातात, आणि आपल्याकडचं कोणतं खातं त्या आधारला जोडलंय हे बघून बँक ते जमा करते.

म्हणजे पैसा अडकायच्या जागा तीन : विभाग, नोंदवही आणि बँक. आधारवर पैसे देणाऱ्या योजनेत तुम्ही अर्जावर कोणता खाते क्रमांक लिहिलात याला फारशी किंमत उरत नाही. हे लोकांच्या गळी उतरवायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

बसण्याआधी काय हाताशी हवं

आधार कार्ड, योजनेचा अर्ज क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक, आणि घरातली सगळी पासबुकं. सगळी म्हणजे ट्रंकेतली जुनीसुद्धा. शिवाय आधारला जो मोबाइल नंबर जोडलाय तो फोन समोर पाहिजे, कारण ओटीपी त्यावरच येणार. तो नंबर बंद पडला असेल तर पुढचं काहीच हलत नाही. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे ७५ रुपये लागतात, पावती मागून घ्या. अनेक ठिकाणी पोस्टमनही त्याच्याकडच्या यंत्रावर हे काम घरी येऊन करतो.

सुरुवात मधूनच करा

लोक आधी विभागाकडे धावतात. मी आधी मधली नोंदवही बघतो, कारण ती दोन मिनिटांत कळते. ‘माय आधार’ या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा. तिथे ‘बँक सीडिंग स्टेटस’ (म्हणजे आधारच्या बँक जोडणीची स्थिती) असा पर्याय आहे. तो दाबला की बँकेचं नाव, जोडणी चालू की बंद, आणि शेवटचा बदल कधी झाला त्याची तारीख दिसते. याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे प्रत्येक खिडकीवर तो लागणार आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिल्या दोन महिन्यांचे मिळून ३००० रुपये बायकांच्या खात्यात पडायला लागले, तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारच्या काकूंचं पासबुक कोरं. बँकेत तीनदा एन्ट्री मारून आल्या, रांग शटरच्या बाहेर आलेली. वाचनालयाच्या ओट्यावर बसून आम्ही स्टेटस उघडलं तर जोडणी चालू, पण बँक भलतीच. काकू म्हणाल्या, "माझं खातंच नाही त्या बँकेत." मी म्हटलं, "काकू, कधीतरी कुठे अंगठा लावला असेल, आठवा बरं." बराच वेळ गेला. मग आठवलं, आठवडी बाजारात एकदा मांडव टाकून कोणीतरी ‘बिनपैशाचं खातं’ उघडून देत होतं. बचत गटातल्या सगळ्याजणी गेल्या, म्हणून याही गेल्या. दुसऱ्या दिवशी ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ते पासबुक सापडलं. त्यात आतापर्यंत एकही पान भरलेलं नव्हतं. बँकेत नेऊन छापून आणलं तर ३००० रुपये जमा होऊन पडलेले.

त्या मांडवात भरलेल्या फॉर्मवर ‘सरकारी अनुदान याच खात्यात घेईन’ अशी संमती होती. नियम असा आहे की आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेत असं जोडाल, त्या बँकेत पैसे जातात. म्हणून कोणी नवं खातं उघडून देत असेल तर ती संमतीची चौकट वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका.

स्टेटसमध्ये काय दिसलं त्यावर पुढचं काम

दुसरीच बँक दिसली तर काकूंसारखं आधी तिथलं पासबुक शोधा, पैसे बहुतेक तिथेच सापडतात. पासबुक हरवलं असेल तर त्या बँकेत आधार कार्ड घेऊन जा, खातं सापडतं.

जोडणी बंद दिसली किंवा बँकच दिसली नाही, तर आपल्या रोजच्या बँकेत जाऊन जोडून घ्यायची. इथे एक गंमत होते. काउंटरवरचा माणूस स्क्रीनवर बघून सांगतो, "आधार लिंक आहे की तुमचं." तो खोटं बोलत नसतो. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार जोडलेलं असतं, पण एनपीसीआयच्या नोंदवहीत बँकेचं नाव चढवलेलं नसतं. ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून नुसतं "लिंक करा" म्हणू नका. "डीबीटीसाठी (म्हणजे थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी) एनपीसीआय मॅपिंग करून द्या" असं म्हणा, त्याचा संमती फॉर्म भरा आणि झेरॉक्सवर शिक्का व तारीख घ्या. चारपाच दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. बदललं नसेल तर तोच शिक्का दाखवायचा.

काही बँकांच्या खातेदारांना हे एनपीसीआयच्या संकेतस्थळावर ‘बेस’ नावाच्या सोयीतून घरूनही करता येतं. आणि जवळ बँकच नसेल तर पोस्टाची पेमेंट्स बँक आहे. पोस्टमन दारात येऊन खातं उघडतो आणि मॅपिंगही करतो. म्हाताऱ्या माणसांसाठी मला हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो. फक्त लक्षात असू द्या, मॅपिंग एका बँकेतून दुसरीकडे हलवलं की आधारवर येणारं सगळंच हलतं. गॅसची सबसिडीसुद्धा.

मॅपिंग ठीक आहे, तरी पैसे नाहीत

मग विभागाकडे बघायचं. पीएम किसानचं संकेतस्थळ यात उजवं आहे. ‘नो युवर स्टेटस’मध्ये नोंदणी क्रमांक टाकला की तीन गोष्टींपुढे हो किंवा नाही दिसतं : जमिनीची नोंद, ई-केवायसी आणि आधारची बँक जोडणी. जिथे ‘नाही’ आहे तेवढंच दार वाजवायचं. जमिनीचं असेल तर सातबारा घेऊन तलाठी किंवा कृषी कार्यालय, ई-केवायसीचं असेल तर स्वतः ओटीपीने किंवा सेवा केंद्रात अंगठा लावून. नोंदणी क्रमांक माहीत नसेल तर तिथेच मोबाइल किंवा आधार टाकून मिळतो.

बाकीच्या योजनांचं थोडक्यात. लाडकी बहीणमध्ये ई-केवायसी झाली आहे का ते पाहा. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपीही मागतात. निराधार योजनेत बहुतेक वेळा हयातीचा दाखला राहिलेला असतो, तो कुठे द्यायचा ते तहसील कार्यालयात विचारा. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीत अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून असण्याची शक्यता मोठी, तेव्हा समाजकल्याणला जाण्याआधी कॉलेजच्या क्लार्कला गाठा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या पोरांना शिक्षणानुसार महिना ६०००, ८००० किंवा १०,००० रुपये विद्यावेतन ठरलेलं आहे, पण जिथे काम करता त्या आस्थापनेने हजेरी ऑनलाइन भरली नाही तर ते निघत नाही. इथे चूक पोर्टलची नसते, साहेबांच्या आळसाची असते.

पीएफएमएस या सरकारी पैशांच्या प्रणालीवरही डीबीटीची स्थिती बघायची सोय आहे. योजना निवडून अर्ज क्रमांक टाकायचा. रक्कम निघाली, परत आली की नाकारली गेली हे कळतं. परत आली असेल तर कारण बहुतेक बँकेत असतं.

बँकेतली अडचण

दोन वर्षं बँकेचं व्याज आणि आकार सोडून खात्यात एकही व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं. केवायसी जुनी झाली म्हणूनही खातं गोठतं. आधार आणि फोटो देऊन ते चालू करून घ्या. निष्क्रिय खातं चालू करायला बँकेने एक रुपयाही घ्यायचा नसतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

विदर्भ आणि कोकणातल्या लोकांनी आणखी एक बघावं. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. जी मोजकी देणी अजून खाते क्रमांकावर येतात, त्यांच्या अर्जात जुनाच आयएफएससी (शाखेचा कोड) राहिला नाही ना, हे शाखेत विचारून घ्या.

या सगळ्या धावपळीत फसवणूक फार होते. अंगठा लावून पैसे काढताना "लागला नाही, परत लावा" असं दोनदा झालं तर तिसऱ्यांदा लावण्याआधी पावती किंवा शिल्लक बघा. बोटं झिजलेल्या शेतमजुराचा अंगठा खरंच लागत नाही, म्हणूनच हा बहाणा खपून जातो. आणि ई-केवायसीची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर ती उघडूच नका.

तरीही सरकत नसेल

आता तोंडी बोलणं बंद करा. राज्याच्या योजनेसाठी ‘आपले सरकार’च्या तक्रार पोर्टलवर, केंद्राच्या योजनेसाठी सीपीग्रॅम्स या केंद्राच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. आधारचं काही असेल तर १९४७ वर फोन करा. बँकेबद्दल तक्रार असेल तर आधी शाखेत लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्यासाठी चौकशीचा नंबर १४४४८.

तक्रारीत रडगाणं नको, तीन ओळी पुरतात : कोणत्या योजनेचा कोणत्या महिन्याचा हप्ता आला नाही, स्टेटसमध्ये काय दिसतं आणि कोणत्या तारखेला कुठे अर्ज दिला. सोबत तो स्क्रीनशॉट आणि शिक्क्याची झेरॉक्स. आधार क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे लिहा. तक्रार क्रमांक मिळाला की तो पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा, कारण मोबाइल बदलतो, पासबुक सहसा घरातच राहतं.