प्लॅस्टिक कमी करायचंय? मग या चुका टाळा, आणि आधी पाकीट आत ठेवा

दरवर्षी 5 जूनच्या, म्हणजे पर्यावरण दिनाच्या आसपास सोसायटीतलं कुणीतरी मला जिन्यात गाठतं. "काकू, घरातलं प्लॅस्टिक कमी करायचंय, काय काय घ्यावं लागेल?" या ‘घ्यावं लागेल’पाशीच माझं डोकं सटकतं. तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून आता लिहूनच टाकते.

सगळे डबे एका दिवसात भंगारात

माझ्या धाकट्या जावेने दोन वर्षांपूर्वी एका रविवारी प्लॅस्टिकचे झाडून सगळे डबे भंगारवाल्याला किलोवर घातले आणि बांबूच्या झाकणांच्या चोवीस काचेच्या बरण्या मागवल्या. साडेतीन हजार रुपये. फळीवर रांग लागली, फोटो निघाले, सगळ्या ग्रुपवर फिरले. मग जुलै उजाडला. पुण्याच्या पावसात झाकणं फुगली. काही उघडेनात, काही बसेनात. पोहे सादळले, रव्याला जाळी धरली, तांदळात पोरकिडे. तीन बरण्या ओट्यावर आपटून फुटल्या, त्यातली एक मोरांब्यासकट. दिवाळीच्या फराळाला डबे हवेत म्हणून बाई बोहरी आळीत जाऊन पुन्हा प्लॅस्टिकचेच घेऊन आली. आणि हे सगळं चालू असताना सासूबाईंच्या लग्नातले, नाव घातलेले अकरा स्टीलचे डबे तिच्याच माळ्यावर चादरीत गुंडाळून पडले होते!

माझी रीत अगदी संथ आहे. ज्यात गरम आमटी किंवा लोणचं जातं, तेवढे डबे आधी स्वयंपाकघरातून काढायचे. ते टाकायचे नाहीत. त्यात खिळे, चिमटे, रांगोळी. बाकीचे तडकेपर्यंत वापरायचे. एक तडकला की त्याच्या जागी दुसरा शोधायचा: आधी माळ्यावर, मग आईकडे, मग बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात, आणि कुठेच नाही मिळाला तर दुकानात. डाळ भरण्याआधी तिला एरंडेलाचा हात लावायचा आणि पावसाळ्यात वर्षाचं धान्य भरायला जायचं नाही. माझं स्वयंपाकघर असं बदलायला चार वर्षं लागली. महिन्याभरात व्हायला हवं असेल, तर खुशाल बरण्या मागवा. मला मात्र फोटो पाठवू नका.

न विणलेली ‘कापडी’ पिशवी

जून 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची कारवाई सुरू झाली आणि दुकानांतून रंगीत, मऊ, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या मिळायला लागल्या. आपण त्यांना कापडी म्हणतो आणि घडी घालून जपतो. त्या असतात पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच.

मीही फसलेय. साड्यांच्या खरेदीतल्या अशा तीसेक पिशव्या जमवल्या, त्यात गोधड्या भरल्या आणि ऊन येणाऱ्या गॅलरीतल्या रॅकवर रचून ठेवल्या. दोन वर्षांनी थंडीत एक ओढली, तर हातात बंद आला आणि पिशवीचा भुगा अंगावर. गोधडीच्या टाक्याटाक्यात निळी-गुलाबी कुसळं. झटकून झालं, धुऊन झालं, तरी निघेनात. धुताना जी निघाली ती मोरीतून नदीकडे गेली, हे वेगळंच.

ओळखायला सोपं आहे. कडेचा धागा ओढून बघा. खऱ्या कापडाचा उभा-आडवा धागा सुटतो. या पिशवीला धागाच नसतो, नुसते बारीक ठिपक्यांचे ठसे.

मग सुती पिशव्या विकत घ्यायच्या का? ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 साली हिशेब मांडला होता: एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीइतका हवामानावरचा भार खाली यायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. प्रत्येक प्रदर्शनातून एकेक सुंदर पिशवी आणणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा. माझ्याकडे नवऱ्याच्या जुन्या पँटच्या पायांच्या पिशव्या आहेत. खालून शिवण मारायची, वर परकराची नाडी. पाच किलो कांदे-बटाटे आरामात. दिसायला भिकार आहेत, त्यामुळे कुणी मागून नेत नाही.

"पिशवी विसरले हो" हे मला ऐकवू नका. दोन स्कूटरच्या डिकीत, एक चपलांच्या स्टँडवरच्या खिळ्याला. आणि मंडईत भाजी तोलायच्या आधी आपली पिशवी पुढे करायची. तोलून झाल्यावर केली, तर भाजीवाल्याने पातळ पिशवी फुंकून उघडलेली असते.

बाकीच्या चुकांवर फार शाई घालवत नाही. कागदी कपाला आतून बहुतेक वेळा प्लॅस्टिकचाच थर असतो. स्टीलचा पेला न्या. बांबूच्या ब्रशचे केस सहसा नायलॉनचे. शाम्पूच्या पुड्या स्वस्त वाटतात, पण ते रिकामे तुकडे भंगारवालाही घेत नाही. साबणाची वडी आणा, नाहीतर शिकेकाई. ओल्या कचऱ्याच्या बादलीत वर्तमानपत्र अंथरा, काळी पिशवी लागत नाही. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी मी गच्चीतल्या ड्रममध्ये टाकली होती, आठ महिन्यांनी तिच्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. तिला कारखान्यातल्या खतासारखी साठएक अंशांची उष्णता लागते, आमचा ड्रम जेमतेम कोमट होतो.

राहिली दुधाची पिशवी. किटलीतून दूध घालणारा गवळी मिळाला तर उत्तमच. नाहीतर निदान कोपरा कापून वेगळा करू नका, तो चिमूटभर तुकडा कुणी वेचत नाही. चीर द्यायची, कोपरा लटकत ठेवायचा. रिकामी पिशवी विसळायची, विसळलेलं पाणी कुंडीत, पिशवी दोरीवर. स्वच्छ, कोरड्या पिशव्या माझा भंगारवाला वजनावर घेतो, चिकट आंबलेल्यांना हात लावत नाही. आमच्या गॅलरीत त्या चिमट्यांना लटकत असतात. पाहुणे यायचे असले की नवरा गुपचूप काढून ठेवतो. ते गेले की मी परत लावते.