कॅरिबियनमध्ये डायव्हिंगला जायचंय? बेटाचं नाव शेवटी ठरवा

‘कॅरिबियनमध्ये सगळ्यात भारी डायव्हिंग कुठे?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाच्या ज्या प्रवाहाचं कौतुक होतं, तोच नवख्याची दमछाक करतो. बोनेर बेटाच्या ज्या मोकळीकीवर लोक जीव टाकतात, तिच्यात हवेच्या टाक्या स्वतः उचलाव्या लागतात. म्हणून आधी तीन गोष्टी लिहून काढा: डायव्हिंगच्या प्रमाणपत्राचं कार्ड कोणतं आणि शेवटची डाइव्ह कधी झाली, महिना कोणता, पाण्यात उतरायचं कसं. एवढं लिहिलं की यादीत दोन-तीनच बेटं उरतात.

कार्डापासून सुरुवात करू. मालवणला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला प्रशिक्षकाने धरून खाली नेलं असेल, तर तो अनुभव झाला, प्रमाणपत्र नाही. स्वतंत्र डाइव्हसाठी किमान ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र, लागतं. सुट्टीचे दिवस वर्गात घालवायचे नसतील तर थिअरी आणि स्विमिंग पूलचा भाग घरच्या गावी उरका, प्रशिक्षकाकडून रेफरलचे कागद घ्या आणि समुद्रातल्या उरलेल्या चार डाइव्ह तिकडे करा. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर, त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्डची ३०. ही अट केवळ कागदावरची नाही. बोनेरचं प्रसिद्ध बुडालेलं जहाज ‘हिल्मा हूकर’ सुमारे ३० मीटरवर आडवं पडलेलं आहे. १८ मीटरवाल्याला ते बरंचसं वरूनच पाहावं लागतं. वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर पहिला दिवस रिफ्रेशरला, म्हणजे उजळणीला, ठेवा.

आपल्याकडे शिकलेल्यांना आणखी एक गोष्ट फसवते. मालवणच्या पाण्यात पाच-सात मीटर दिसलं तरी दिवस चांगला गेला म्हणतात. तिकडे २५-३० मीटर दिसतं. त्यामुळे सगळं जवळ वाटतं, उजेड भरपूर असतो आणि खोल गेल्याची भीतीच वाटत नाही. प्रवाळभिंतीवर तर पायाखाली तळही नसतो. दर मिनिटाला खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे पाहिलं नाही, तर १८ मीटर ठरवून उतरलेला माणूस २५ वर सापडतो आणि हवाही त्याच वेगाने संपते.

आता महिना. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. सगळ्यात धोक्याचा काळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. याच काळात जायचं असेल तर अरुबा, बोनेर, क्युरासाओ पाहा. ही बेटं व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ, साधारण १२ अंश उत्तरेला आहेत आणि बहुतेक वादळं त्यांच्या उत्तरेकडून जातात. बहुतेक, सगळी नव्हे. १९९९ साली ‘लेनी’ उलट्या दिशेने, पश्चिमेकडून आलं आणि एरवी शांत असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरची उथळ पोवळी त्याच्या लाटांनी मोडली. कोझुमेलची अडचण हिवाळ्यातली: उत्तरेचा वारा, म्हणजे ‘नोर्ते’, सुटला की बंदर लहान बोटींना बंद होतं. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर चार दिवसांच्या डायव्हिंगसाठी सहा दिवस हाताशी ठेवा. पाणी साधारण २६ ते २९ अंश असतं. ३ मिमी जाडीचा वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, पुरतो. पण फेब्रुवारीत दिवसाला तीन-चार डाइव्ह करणारा तिसऱ्या डाइव्हला कुडकुडतो. त्याने ५ मिमी न्यावा.

उतरण्याची पद्धत हा मात्र खरा कळीचा मुद्दा.

बोनेरला गाडी भाड्याने घ्यायची, पिकअपच असलेला बरा, मागे टाक्या टाकायच्या आणि रस्त्याकडेचे पिवळे रंगवलेले दगड शोधत फिरायचं. दगडावर जागेचं नाव असतं. त्याआधी सागरी उद्यानाचं शुल्क भरावं लागतं, माहिती ऐकावी लागते आणि एक चाचणी डाइव्ह करावी लागते. हातमोजे चालत नाहीत. किनारा वाळूचा कमी, मोडक्या पोवळ्यांचा जास्त. जाड तळाचे बूट आणि मागे पट्टा असलेले फिन्स नसतील तर तळपाय सोलून निघतात. गुडघे कुरकुरत असतील किंवा टाकी-वजनासह निसरड्या दगडांवरून चालणं जमत नसेल, तर बोटीने जा. भुरट्या चोऱ्या होतात, म्हणून पासपोर्ट-पैसे गाडीत ठेवू नका. आणि जोडीदार तुमच्याइतकाच सावध हवा, कारण इथे सोबत गाइड नसतो.

कोझुमेलला याच्या उलट. बोट सोडते, प्रवाह नेतो, बोट बुडबुड्यांच्या मागे येते आणि गाइड सोबत असतो. पालांकार आणि सांता रोसा या भिंती याच पद्धतीने पाहायच्या. चूक होते ती उतरताना: कान मोकळे करण्यात कुणी वर रेंगाळला की बाकीचा गट वाहून पुढे जातो. बोटीवरच कान मोकळे करून बघा, बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, रिकामं करून उतरा आणि प्रवाहाविरुद्ध पोहू नका. थांबायचं असेल तर भिंतीच्या जवळ, खडकाच्या आडोशाला सरका. वर यायला फुगवायचा नारिंगी नळा, म्हणजे एसएमबी, स्वतःचा हवा. पाण्यात न उतरणारी मंडळी बरोबर असतील तर त्यांनाही इथे बोनेरपेक्षा जास्त करमतं. शाकाहाऱ्यांनी घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी आहे का, ते विचारून घ्यावं.

बेलीझच्या ब्लू होलसाठी, म्हणजे समुद्रातल्या गोल खोल विवरासाठी, नवख्यांनी हट्ट धरू नये. विवर सुमारे ३०० मीटर रुंद आहे आणि बघण्यासारखे लवणस्तंभ ४० मीटरच्या आसपास; म्हणजे खाली जेमतेम आठ मिनिटं, मासे फारसे नाहीत आणि जाता-येता बोटीचे कित्येक तास. त्याच सहलीतली हाफ मून की या बेटाची भिंत जास्त सुंदर आहे. लिटल केमन बेटाची ब्लडी बे वॉल ही भिंत तर सहा-सात मीटरवरच सुरू होते, म्हणून ओपन वॉटरवाल्यालाही ती मनसोक्त पाहता येते. कोर्स स्वस्तात करायचा असेल तर होंडुरासचं उटिला बेट.

भारतीय पासपोर्ट असेल तर मार्ग आधी तपासा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. बोनेर नेदरलंडचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसात, येत नाही. त्याचे नियम वेगळे. मेक्सिकोला मात्र अमेरिकेचा चालू व्हिसा पुरतो. परतीच्या विमानाआधी एकच डाइव्ह असेल तर १२ तास, अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास पाण्याबाहेर राहायचं. प्रवास विम्यात डायव्हिंग किती खोलीपर्यंत आणि प्रेशर चेंबरच्या, म्हणजे डायव्हिंगच्या आजारावर दाबाच्या खोलीत होणाऱ्या, उपचारासह आहे का, ते बघा.

पैसे भरण्याआधी दुकानाला विचारा: एका गाइडमागे किती जण, बंदर बंद झालं तर पैसे परत मिळतात का, बोटीवर ऑक्सिजन आहे का, नायट्रॉक्सचे (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचे) जादा किती, जवळचं प्रेशर चेंबर कुठे, आणि भाड्याच्या सेटमध्ये कॉम्प्युटर येतो का. बऱ्याचदा तो वेगळा घ्यावा लागतो.